विश्लेषण : गावातल्या गरीब चर्चला मदत करावी तरी कशी? मिशनऱ्यांना पडलेला प्रश्न पावणेदोनशे वर्षांनंतरही का सुटत नाही?

पैसा दिला तर मंडळी परावलंबी होते, थांबवला तर पाळकाचे घर चालत नाही आणि शाळा बंद पडते. १८५४ मध्ये अहमदनगरमध्ये या पेचावरून मिशनऱ्यांमध्येच फूट पडली. पुढे दुष्काळ आले, ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, एका स्विस धर्मगुरूने मदतीची पद्धतच बदलली आणि आता परदेशी निधीचा कायदा कडक झाला. मूळ प्रश्न मात्र तोच आहे.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. या समाजाचे नाव काढले की वांद्रे, वसई किंवा पुण्यातली जुनी दगडी चर्च आठवतात. पण अहमदनगर (आता अहिल्यानगर), जालना, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) या पट्ट्यातल्या खेड्यांतही छोट्या छोट्या मंडळ्या आहेत. त्यांतले बहुतेक सभासद एकेकाळी गावकुसाबाहेर राहणाऱ्या भूमिहीन कुटुंबांतले. अशा मंडळीचा पाळक कोणाच्या पैशावर जगणार, हा प्रश्न दिसायला साधा आहे. त्याचे उत्तर शोधताना मोठमोठ्या मिशनऱ्यांची मती गुंग झाली.

*प्रश्नाची सुरुवात अहमदनगरमध्ये कशी झाली?*

अमेरिकेतील ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ च्या अखेरीस या मिशनने अहमदनगरला ठाणे उभारले आणि पुढे तेच ‘अमेरिकन मराठी मिशन’चे मुख्य केंद्र झाले. शाळा, छापखाना, दवाखाना असा व्याप वाढत गेला. १८४२ मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. सिंथिया फरार यांची मुलींची शाळाही याच शहरातली. जोतीराव फुले यांनी ती पाहिली होती आणि मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा त्यातून मिळाल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

व्याप मोठा असला तरी मंडळी लहान होती. धर्म बदललेल्या माणसाला घर, जात आणि अनेकदा रोजगारही गमवावा लागे. मग तो मिशनच्या आवाराजवळ राहायला येई आणि मिशनमध्येच शिक्षक, उपदेशक, मुनशी किंवा छापखान्यातला कामगार म्हणून लागे. त्याचा पगार अमेरिकेतल्या देणग्यांतून येई. म्हणजे प्रार्थनेला बसणारा आणि पगार घेणारा बऱ्याचदा एकच असे. इथेच पहिली शंका डोके वर काढू लागली. उद्या अमेरिकेतून पैसा येणे बंद झाले तर ही मंडळी उरेल का?

*१८५४ मध्ये नेमके काय घडले?*

ही शंका सर्वांत ठामपणे मांडणारा माणूस बोस्टनला बसून होता. रूफस अँडरसन हे अमेरिकन बोर्डाचे परराष्ट्र सचिव. पैसा कुठे आणि किती जायचा, हे मुख्यतः त्यांच्या टेबलावर ठरे. भारत आणि सिलोनमधल्या कामाची पाहणी करण्यासाठी सहकारी ऑगस्टस थॉम्पसन यांच्यासह ते निघाले आणि १८५४ च्या अखेरीस अहमदनगरला पोहोचले.

अँडरसन यांचे म्हणणे थोडक्यात असे : मिशनचे काम शाळा-कॉलेजे चालवणे नव्हे, तर स्थानिक मंडळ्या उभ्या करणे आहे. त्या मंडळ्यांना स्थानिक पाळक हवेत. पाळकाचे राहणीमान त्याच्या मंडळीला परवडेल असेच हवे. इंग्रजी शिकलेला तरुण गावात राहात नाही, तो सरकारी कचेरीत कारकून होतो. तेव्हा देणगीदारांचा पैसा इंग्रजी शाळांवर घालवू नये, मुलांना मराठीतून शिकवावे आणि मिशनऱ्यांनी शहरात गर्दी न करता खेड्यांत पसरावे.

याच भेटीच्या काळात, डिसेंबर १८५४ मध्ये, हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. अहमदनगरच्या मंडळ्यांची जबाबदारी अशा रीतीने मराठी माणसांकडे आली. नंतरच्या वर्षांत शहराबाहेर वडाळा, राहुरी अशा ठिकाणी आणि आजूबाजूच्या खेड्यांत काम पसरले. धोरणाची ही बाजू यशस्वी ठरली, असे म्हणता येते.

*‘तीन स्वयं’ म्हणजे काय?*

अँडरसन यांच्या विचाराचे सार तीन शब्दांत सांगितले जाते : स्वयंनिर्वाह, स्वयंशासन आणि स्वयंप्रसार. मंडळीने आपला खर्च स्वतः भागवावा, आपले निर्णय स्वतः घ्यावेत आणि आपला प्रसारही स्वतः करावा. इंग्लंडमधील चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन हेही याच काळात स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले होते. मिशन हे इमारतीच्या परांचीसारखे आहे, इमारत झाली की ते काढून घ्यायचे असते, अशी ही कल्पना होती.

कागदावर ती बिनतोड वाटते. अडचण अंमलबजावणीत होती. मंडळीने स्वतःच्या पायावर उभे राहावे हा निर्णय मंडळीने घेतलेला नव्हता. तो हजारो मैलांवरच्या कार्यालयाने घेतला होता. स्वावलंबनाचा आदेशही वरूनच आला.

*मिशनऱ्यांमध्ये फूट का पडली?*

अँडरसन यांना सर्वांत कडवा विरोध झाला तो कोल्हापुरातून. रॉयल गोल्ड वाइल्डर हे आधी अहमदनगरला होते. १८५२ मध्ये त्यांनी कोल्हापुरात काम सुरू केले. शाळांवर त्यांचा गाढ विश्वास होता. त्यांच्या मते, गरिबाच्या मुलाला शाळा नाकारायची आणि मग त्याच्या बापाने पाळकाचा पगार द्यावा अशी अपेक्षा करायची, यात विसंगती होती. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरओळख नाकारली गेली, त्याला आधी शिकवल्याशिवाय तो स्वावलंबी कसा होणार?

वाद अमेरिकेपर्यंत गेला. पाहणी मंडळाच्या निर्णयांवर टीका होऊ लागल्याने बोर्डाला १८५६ मध्ये विशेष बैठक बोलवावी लागली. वाइल्डर मायदेशी गेले, बोर्डाशी त्यांचे संबंध तुटले. त्यांनी १८६१ मध्ये भारतातील मिशन शाळांवर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी बोर्डाच्या पाठबळाशिवाय ते कोल्हापूरला परत आले. पुढे १८७० मध्ये हे काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले.

या भांडणात कोण बरोबर होते? मागे वळून पाहिले तर दोघेही अर्धे अर्धे. स्थानिक माणसांच्या हाती मंडळी सोपवण्याबाबत अँडरसन काळाच्या पुढे होते. पण शिक्षणाला फाटा देण्याचा निर्णय फार काळ टिकला नाही. काही दशकांतच अमेरिकन मराठी मिशनला अहमदनगरमध्ये पुन्हा हायस्कूल सुरू करावे लागले. आणि १९४७ मध्ये याच शहरात अहमदनगर कॉलेजची स्थापना झाली, ती भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती माणसाच्या पुढाकाराने. शिक्षणातून नेतृत्व उभे राहते, हे वाइल्डर यांचे म्हणणे खरे ठरले. ते नेतृत्व मराठी असावे, हे अँडरसन यांचे म्हणणेही त्याच घटनेत खरे ठरले.

*खेड्यातल्या मंडळीला पाळक पोसणे का जमत नव्हते?*

इथे हिशेब समजून घेतला पाहिजे. अहमदनगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. ज्वारी-बाजरी हे मुख्य पीक, तेही पावसाच्या लहरीवर. गावातल्या मंडळीत मुख्यतः महार आणि मांग समाजातली कुटुंबे होती. त्यांचे उत्पन्न रोख नव्हते. वतन, बलुते आणि मजुरी यांतून खळ्यावर धान्य मिळे, तेही हंगामात. वर्षाचे बाकीचे महिने उधारीवर निघत. पाळकाला मात्र दरमहा रोख पगार ठरवलेला असे, कारण ती पद्धत अमेरिकेतून आली होती.

म्हणजे देणाऱ्याकडे धान्य आणि घेणाऱ्याला हवी रोकड. देणाऱ्याचे उत्पन्न वर्षातून एकदा-दोनदा आणि घेणाऱ्याचा खर्च बारमाही. या दोहोंची सांगड घालण्याची सोय होती ती गावाच्या जुन्या रिवाजात. पीक हाती आले की पहिले धान्य, कोंबडी, अंडी, भाजी चर्चमध्ये अर्पण करायची आणि तिथेच त्याचा लिलाव करायचा, ही पद्धत मराठी मंडळ्यांमध्ये रुजली ती यामुळेच. पैसे नसलेल्या बाईलाही मूठभर बाजरी देता येते. दान देणाऱ्यांच्या यादीत तिचेही नाव लागते.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. बाप्तिस्म्यानंतर देवदेवतांच्या उत्सवाशी जोडलेली गावकीची कामे करणे अनेकांना पटेना. काम सोडले की बलुते अडवले जाई. म्हणजे श्रद्धेमुळेच कुटुंबाचे उत्पन्न घटले होते. अशा कुटुंबाला ‘आता पाळकाचा खर्चही तुम्हीच करा’ असे सांगणे कितपत न्याय्य, हा प्रश्न गावागावांत फिरणाऱ्या मिशनऱ्यांना सतावत राहिला. बोस्टनमध्ये बसून तो दिसत नव्हता.

*दुष्काळाने पेच आणखी कसा वाढवला?*

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाले. त्यानंतर १८९६-९७ आणि मग १८९९-१९०० चा, लोकांच्या तोंडी ‘छप्पनचा’ म्हणून राहिलेला दुष्काळ आला. माणसे मरत असताना ‘फुकट देऊ नका, परावलंबन वाढेल’ हे तत्त्व कोण पाळणार? मिशनने धान्य वाटले, कामे काढली, अनाथ मुलांना ठेवून घेतले. दुष्काळातल्या कामाबद्दल अहमदनगरचे रॉबर्ट अॅलन ह्यूम यांना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. ह्यूम यांचा जन्म मुंबईचा. खेड्यातल्या मंडळ्यांसाठी मराठी पाळक तयार व्हावेत म्हणून १८७८ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या धर्मशिक्षण विद्यालयामागे तेच होते.

दुष्काळानंतर मंडळ्या वाढल्या आणि ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ ही टीकाही वाढली. ही शंका बाहेरच्यांनाच होती असे नाही, खुद्द मिशनऱ्यांनाही होती. आंध्रातील ओंगोल येथील बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाफ यांनी त्यावर एक मार्ग काढला. दुष्काळात त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका टप्प्याचे खोदकाम कंत्राटाने घेतले आणि हजारो लोकांना मजुरी मिळवून दिली. त्या काळात त्यांनी बाप्तिस्मे थांबवले. मदत संपल्यावरही ज्यांना यायचे आहे त्यांनी यावे, अशी भूमिका घेतली. ३ जुलै १८७८ रोजी एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला, तो या थांबण्यानंतर. मदत आणि धर्मांतर यांच्यात अंतर ठेवण्याचा हा जाणीवपूर्वक प्रयत्न होता. त्याने शंका पूर्ण मिटली नाही. भुकेच्या वेळी धावून आलेल्याबद्दलची कृतज्ञता आणि श्रद्धा यांच्यात रेघ कुठे ओढायची, हे कालवा खोदून ठरत नाही.

अहमदनगरमध्ये दुष्काळातल्या अनाथ मुलांना हाताला काम देण्यावर भर आला. सुतारकाम, विणकाम असे व्यवसाय शिकवले गेले. डी. सी. चर्चिल या अभियंता मिशनऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे सुधारित हातमाग तयार केला. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात राहणाऱ्यांना यातली मर्यादा लगेच कळेल. मागाचे कौशल्य माणसाला शहराकडे नेते. मुलगा कमावता झाला, त्याचे घर उभे राहिले, पण तो ज्या गावातून आला तिथली मंडळी होती तशीच गरीब राहिली. माणसाला मदत करणे आणि मंडळीला मदत करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या अनुभवातून दिसते.

*टिळकांनी मिशनची नोकरी का सोडली?*

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढची दोन दशके ते अमेरिकन मराठी मिशनसोबत होते. मराठी मंडळ्यांत आजही गाइली जाणारी असंख्य भजने त्यांची आहेत. मिशनऱ्यांशी त्यांचे वैर नव्हते. त्यांची तक्रार नात्याच्या स्वरूपाबद्दल होती. मिशनरी मायबाप आणि मराठी ख्रिस्ती लेकरे, असे नाते राहिले तर मंडळी कधीच वयात येणार नाही, असे त्यांना वाटे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

हा प्रयोग अपयशी म्हणून सोडून देता येईल. पण त्यातला मुद्दा महत्त्वाचा होता. तोवर स्वावलंबनाची चर्चा पैशाभोवतीच फिरत होती. टिळकांनी ती भाषा, भजन, कीर्तन आणि निर्णयाचा अधिकार यांच्याकडे वळवली. परक्या चालीवर परक्या शब्दांत प्रार्थना करणारी मंडळी स्वतःच्या खर्चाने चालली तरी ती स्वतःची कशी म्हणायची? आणि टिळकांचे भजन टाळ-मृदंगावर गाणाऱ्या मंडळीला वाद्य, पुस्तक किंवा पगारी वादक यांपैकी काहीच बाहेरून आणावे लागत नाही. गरीब मंडळीला मिळालेली ही एक मदत अशी होती, की जिने तिला कोणाचे मिंधे केले नाही.

*पंडिता रमाबाईंचा मार्ग वेगळा कसा होता?*

परदेशी पैसा आला की परावलंबन आलेच, या समजाला पंडिता रमाबाई हा मोठा अपवाद आहे. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने दहा वर्षांच्या साह्याची हमी दिली. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, ते नंतर पुण्याला हलले. पण मुदत संपल्यावर काय, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला होता. पुण्याजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, शेती-फळबाग केली. दुष्काळातून आणलेल्या मुली-बायकांनी तिथे छापखाना, विणकाम, शेती अशी कामे उभी केली. ‘मुक्ती’ मिशन असे साकारले.

रमाबाईंनी परदेशी मदत नाकारली नाही. मात्र ती कशी खर्च करायची हे त्या स्वतः ठरवत. देणगीदार असोत, पुण्यातले सुधारक असोत की मिशनरी, कोणापुढे त्या झुकल्या नाहीत. अँडरसन यांच्या मोजपट्टीवर मुक्ती मिशन स्वयंनिर्वाही नव्हते, पण स्वयंशासित नक्कीच होते. तीन ‘स्वयं’पैकी पहिला कोणता असावा, याबद्दलचा हा वेगळा धडा आहे.

*फादर बाखर यांनी मदतीची पद्धत का बदलली?*

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न त्याच जिल्ह्यात नव्या रूपात आला. स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये भारतात आले आणि अहमदनगर जिल्ह्यात त्यांनी आयुष्य घालवले. १९६० च्या दशकात त्यांनी ‘सोशल सेंटर’ उभारले. दुष्काळी गावांत विहिरी, बांधबंदिस्ती, शेतीची कामे झाली. पण विहीर खोदून पाणी लागेलच असे नाही, आणि लागले तरी ते ज्याच्या शेतात विहीर त्याचेच. एकेका कुटुंबाला मदत करून गाव उभे राहात नाही, या जाणिवेतून पाणलोट विकासाची कल्पना पुढे आली.

१९८९ पासून आकाराला आलेल्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागे बाखर यांची प्रेरणा होती. जर्मनीचा पैसा, नाबार्डची यंत्रणा आणि गावाचा निर्णय अशी त्याची रचना. त्यातली सर्वांत बोलकी अट होती श्रमदानाची. पैसा येण्याआधी गावाने एकत्र येऊन चार दिवस श्रमदान करून दाखवायचे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. गावसभेने निवडलेल्या समितीने काम बघायचे. पुढे कामाच्या मजुरीतलाही काही वाटा गावाने उचलायचा, भूमिहीनांना मात्र त्यातून सूट. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह बाखर यांनी ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था स्थापन केली. संगमनेर तालुक्यातील मेंढवण आणि दरेवाडी ही गावे या कामाची उदाहरणे म्हणून ओळखली जाऊ लागली.

इथे चर्चचा प्रश्न नव्हता, लाभार्थी सर्व धर्मांचे होते. पण अँडरसन आणि वाइल्डर यांच्या भांडणातला पेच या रचनेत बराचसा सुटतो. बाहेरची मदत येते, तीही मोठी. फक्त ती गावाच्या पहिल्या पावलानंतर येते. आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून बरोबरीचा वाटा मागितला जात नाही.

*इतर ठिकाणी काय अनुभव आहे?*

चीनमधील अमेरिकन मिशनरी जॉन नेव्हियस यांनीही पगारी उपदेशकांच्या पद्धतीवर कडक टीका केली होती. १८९० मध्ये ते कोरियात गेले आणि तिथल्या तरुण मिशनऱ्यांनी त्यांची पद्धत उचलली. नव्या ख्रिस्ती माणसाने आपला व्यवसाय सोडू नये, चर्चची इमारत लोकांनीच आपल्या ऐपतीप्रमाणे बांधावी, पैशापेक्षा शिकवण्यावर भर द्यावा, अशी तिची सूत्रे. कोरियातील चर्च पुढे स्वतःच्या बळावर झपाट्याने वाढले. अर्थात त्यामागे जपानी राजवटीविरुद्धच्या राष्ट्रीय भावनेसारखी इतरही कारणे होती. तीच पद्धत जशीच्या तशी बलुत्यावर जगणाऱ्या गावात चालेल, असे नाही.

भारतातले ठळक उदाहरण मिझोरमचे. तिथे १९१० पासून ‘बुहफाइ थाम’ म्हणजे मूठभर तांदळाची प्रथा आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरातली बाई मूठभर तांदूळ वेगळे काढते. ते गोळा करून विकले जातात आणि त्यातून चर्चची कामे चालतात. गरिबातल्या गरीब घराला जमेल असा हा मार्ग आहे. पण मिझोरममध्ये गावेच्या गावे ख्रिस्ती आहेत. महाराष्ट्रातल्या खेड्यात जिथे मंडळीत मोजकीच घरे, तिथे मुठीने मुठी जमवूनही पाळकाचा महिना भरत नाही.

*आज परिस्थिती काय आहे?*

अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले आणि निर्णयाचे अधिकार पूर्णपणे भारतीय हातांत आले. स्वयंशासनाचा टप्पा पार पडला. स्वयंनिर्वाहाचा प्रश्न मात्र खेड्यांत अजून रेंगाळतो आहे. शिकलेले तरुण पुणे, मुंबई, ठाण्याकडे जातात. त्यांचे अर्पण शहरातल्या मंडळीत पडते आणि गावातल्या चर्चमध्ये वयस्कर माणसे उरतात.

त्यातच परदेशी निधीचे नियम कडक झाले. परकीय योगदान नियमन कायदा (एफसीआरए) पहिल्यांदा १९७६ मध्ये आला, २०१० मध्ये नवा कायदा झाला आणि २०२० मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्यानुसार :

– एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. मोठ्या संस्थेमार्फत गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना मिळणारा पैसा त्यामुळे थांबला.

– प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली.

– परदेशी निधी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो.

हे नियम सर्वच धर्मांच्या आणि धर्मनिरपेक्ष संस्थांना लागू आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मतभेद आहेत. परिणाम मात्र स्पष्ट आहे. अँडरसन यांनी १८५४ मध्ये विचारलेला ‘बाहेरचा पैसा थांबला तर काय?’ हा प्रश्न आता अनेक छोट्या संस्थांपुढे प्रत्यक्ष उभा आहे. भिवंडी, शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवर काम करणाऱ्या कुठल्याही सेवाभावी संस्थेलाही, तिचा धर्माशी संबंध असो वा नसो, तो चुकत नाही.

*मग योग्य मदत कोणती?*

या साऱ्या इतिहासातून एकच साचा काढता येत नाही, पण काही गोष्टी वारंवार दिसतात. पहिली, मदतीची रक्कम जितकी महत्त्वाची, तितकेच तिचा निर्णय कोण घेते हेही महत्त्वाचे. रमाबाईंकडे परदेशी पैसा भरपूर आला, तरी मुक्ती मिशन कोणाची शाखा झाले नाही. दुसरी, लोकांनी आधी आपला वाटा घालावा, पण तो त्यांच्याकडे जे आहे त्या रूपात असावा : धान्य, श्रम, वेळ, गाणे. रोख मागितली की गरीब आपोआप बाहेर फेकला जातो. तिसरी, शिक्षणावरचा खर्च तोडून साधलेले स्वावलंबन टिकत नाही. चौथी, मदत संपण्याची मुदत सुरुवातीलाच ठरलेली आणि दोन्ही बाजूंना माहीत असलेली बरी. दहा वर्षांची मुदत माहीत होती म्हणून केडगावची जमीन घेतली गेली.

आणि एक गोष्ट अजूनही सुटलेली नाही. मंडळी पाळकाला पोसू शकत नसेल, तर पाळकाने दुसरा व्यवसाय करावा का? शेती, शिकवणी किंवा दुकान सांभाळून रविवारी उपासना चालवणारे पाळक काही ठिकाणी आहेत. त्यामुळे मंडळीवरचा भार हलका होतो, पण आजाऱ्याच्या घरी जायला, पोरक्या घराची चौकशी करायला वेळ उरत नाही. गरीब गावात पाळक लागतो तो नेमका याच कामासाठी. पूर्णवेळ पाळक हवा तर त्याचा खर्च शहरातल्या मराठी मंडळ्यांनी, म्हणजे त्याच गावांतून शिकून बाहेर पडलेल्यांनी, उचलायचा का? बोस्टनचा पैसा थांबल्यावर हा प्रश्न आता पुणे आणि मुंबईच्या दारात आला आहे.